घरचो कागद

शालनताई कुठल्याही सभेत शिरल्या की खुर्चीवर बसायच्या आधी आपण किती वाजता उठणार ते सांगून टाकायच्या. मग समोर सरपंच असोत, तालुक्याचे अधिकारी असोत की मुंबईहून आलेले आमच्या संस्थेचे विश्वस्त. "मी सव्वाचारला उठणार. साडेपाचला सासूबाईंचं औषध असतं, त्याआधी त्यांना कूस बदलून द्यावी लागते. माझ्या जागी ही बसेल," असं म्हणून शेजारच्या कुणाकडे तरी बोट दाखवायच्या आणि मग शांतपणे खुर्ची ओढून घ्यायच्या.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते बोट माझ्याकडे होतं. मालवणात पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची सभा होती. मी समाजकार्याची पदवी घेऊन आरोंद्याहून पहाटेच्या एसटीने आलेली. जिथे काम करायचं त्या तोंडवलीला किती वाड्या आहेत हेही मला ठाऊक नव्हतं, आणि ही बाई मला आपल्या खुर्चीवर बसवून जायला निघाली होती. सभेतले अधिकारी तालुक्यात नवे होते. ते जरा हसून म्हणाले, "बाई, आपत्ती काही तुमच्या सासूबाईंच्या औषधाची वेळ बघून येत नाही."

"म्हणूनच आत्ता बघून ठेवतेय, साहेब," शालनताई म्हणाल्या. "वादळ येईल त्या दिवशी माझ्या घरात कोण थांबणार हे आज ठरलं, तरच मी त्या दिवशी तुमच्याबरोबर किनाऱ्यावर उभी असेन. तुमच्या घरी कोण असतं?"

साहेबांनी समोरची फाईल उघडली. सव्वाचारला शालनताई खरोखरच उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "घाबरा नको गो. समाजला नाय तर नुसता लिवन घे. उद्या माका सांग." सभेतली शुद्ध मराठी त्यांनी खुर्चीवरच ठेवली होती. जिना उतरताना शिपायाशी चाललेलं त्यांचं मालवणी मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

ठेंगणी, सावळी, बांधेसूद बाई. सुती साडी चापूनचोपून नेसलेली, केसांत अंगणातल्या अबोलीचा छोटासा वळेसार, आणि पायात खाडीच्या चिखलात रुतले तरी निसटणार नाहीत असे पट्ट्याचे रबरी सँडल. राहायच्या मसुऱ्यात. यजमान दत्तारामभाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात मुलगी गौरी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळं गाव 'आये' म्हणे. त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं, जीभही जड झाली होती, पण जे बोलत ते घराबाहेरच्या रस्त्यापर्यंत पोचत असे. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, "अर्धा आंग गेला म्हणान काय झाला? उरलेला अर्धा ह्या सुनेक पुरान उरता." सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "उरता, उरता! माका कोण इचारता?" दोघी हसल्या. त्या घरात दुखण्याचा वास यायचा आणि तळलेल्या माशांचाही, पण कण्हणं ऐकू यायचं नाही.

आमच्या कामाला कार्यालयात 'आपत्ती पूर्वतयारी' असं भारदस्त नाव होतं. शालनताईंच्या हातात आलं की त्याचा 'घरचो कागद' व्हायचा. वाडीतल्या बायांना एखाद्या ओटीवर जमवायचं आणि प्रत्येक घराने आपला एक कागद लिहायचा. घरात चालता न येणारं कोण आहे, त्याला कोण उचलणार, औषधं कुठल्या डब्यात, गुरं कोण सोडणार, आणि हे करणारं माणूस नेमकं त्या दिवशी घरी नसलं तर दुसरं कोण. एवढंच. संस्थेतले इतर लोक गावांना भोंगे आणि शिट्ट्या वाटत असत. ताईंचं म्हणणं, भोंगा ऐकून माणूस दारापर्यंत येतं, पण आत खाटेवर म्हातारं असलं तर दारातूनच परत फिरतं.

तोंडवलीला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माड आणि घरं. तिथल्या बाया पहिल्या दिवशी कागद बघून तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "आमच्या घरचा आमी बघतो, ताई. लिवचा काय तेच्यात?"

ताईंनी पिशवीतून स्वतःचा कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "आयेक उचलूक दोन माणसां. एक मी. दुसरी शेजारची सुमन. औषध मिठाच्या बरणीमागे. मी कामावर आसलंय तर आयेकडे सुमन. सुमन नसली तर..." इथे त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "सुमन नसली तर आये माझ्यावांगडा. मी जाईन थंय ती येतली." बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कार्यकर्ती आपल्या सासूचं दुखणं चारचौघींत वाचून दाखवते, हे त्यांना नवीन होतं. हळूहळू एकीने पेन मागितलं. "'माझा मी बघतंय' ह्या माका चलाचा नाय," ताई प्रत्येकीला बजावत होत्या. "कोण बघतलो, तेचा नाव लिव. आधी कोणाचो तरी हात मोकळो करा, मगे तो हात मागा."

हे त्यांना सुचलं कसं, ते मी एकदा परतीच्या एसटीची वाट बघताना विचारलं. ताईंनी पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. मग कुणा दुसऱ्याची हकीकत सांगावी तशी सांगितली. काही वर्षांपूर्वी खाडीला मोठा पूर आला होता. त्या तीन दिवस पलीकडच्या गावांत लोकांना बाहेर काढत होत्या. आये तेव्हा चालत्याफिरत्या होत्या. घरी आये आणि अकरा वर्षांची गौरी, लक्ष ठेवायला शेजारीण. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्याच घरात पाणी शिरलं आणि ती भावाकडे निघून गेली. त्याच सकाळी आये चुलीपाशी कोसळल्या. रस्ता पाण्याखाली, फोन बंद. गौरीला आजी उचलेना. तिने तिथेच जमिनीवर उशी दिली, गोधडी घातली आणि दीड दिवस चमच्याने पेज भरवत बसली.

"मी इलंय तेव्हा माका लोकांनी ट्रकातसून घरापर्यंत सोडलेला. हात जोडीत होते," ताई म्हणाल्या. "गौरी रडाक नाय. इतक्याच म्हणाला, 'आई, तू सगळ्यांच्या घराक गेलंस. आमच्या घराक कोणी येवचा होता?'"

"मग?"

"मगे काय? राजीनामो लिवलंय. आयेक वाचून दाखवलंय. तिना डाव्या हातान फाडूक बघल्यान, फाटाना. मगे दातात धरून फाडल्यान." त्यांना हसू आलं, आणि डोळेही भरून आले. "बोलाक येय नव्हता तेव्हा तिका. पण ता माका समाजला. कागद तेच्यानंतर इलो."

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर तिसरा उन्हाळा काम करत होते, तेव्हा ते वादळ आलं.

मे महिना होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तोंडवलीची पट्टी रिकामी करा, असा निरोप आला. भरडावर, म्हणजे वरच्या कातळी जागेवर, शाळा होती. तिथे लोकांना आणायचं ठरलं. मी सकाळीच शाळेत पोचले. मालवणच्या सभेतले ते साहेबही आले होते. सतरंज्या अंथरल्या, पाण्याची पिंपं भरली, पण माणसं मोजकीच आली. बायामुलं येत, पण म्हातारे हलेनात, आणि म्हातारे हलेनात म्हणून त्यांच्या सुना आणि मुलगेही परत फिरत. साहेब सारखे विचारत होते, "शालनताई कुठे आहेत?" मला ठाऊक होतं, त्या अडकल्या असणार. दत्तारामभाऊ बोटीवर. गौरी नर्सिंगच्या शिक्षणासाठी पुण्याला. आणि सुमन लेकीच्या बाळंतपणासाठी आदल्याच दिवशी कुडाळला गेलेली.

नऊच्या सुमारास मासे वाहणारा एक टेम्पो चढण चढून आला. त्यात खाट, खाटेवर छत्री, छत्रीखाली आये, आणि खाटेचा पाय घट्ट धरून उभ्या शालनताई. टेम्पो थांबताच आयेंनी डाव्या हाताने डोकं दाबत जाहीर केलं, "बांगड्याच्या वासान माझा टकला उठला!"

"बाई, हे काय?" साहेब म्हणाले.

"कागदावर होतं तसं केलं, साहेब. जरा एका बाजूने खाट धरता?"

साहेबांनी खाट धरली. वर्गाच्या कोपऱ्यात ती ठेवून ताईंनी दोरी बांधली, दोन जुन्या साड्या टाकून आडोसा केला, आत बसायचं भांडं, पाण्याची बादली, कपडे असं सगळं लावलं. आयेंना चहा पाजला आणि मला म्हणाल्या, "चल. जनूआजोबांकडे जावया."

जनूआजोबा म्हणजे त्या वाडीतले सर्वांत जुने रापणकर, किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे. ऐंशीच्या पुढचे. ते हलले असते तर सारी वाडी हलली असती. त्यांच्या पत्नी पार्वतीआजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. आजोबा अंगणात जाळ्याची गाठ मारत बसले होते. वारा सुटायला लागला होता आणि माडांच्या झावळ्या एका बाजूला वळल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी मान वर केली नाही. "शालन, माका न्हेवक इलं आसलंस तर फिर मागे," ते म्हणाले.

"कित्या, आजोबानू?"

त्यांनी जाळ्याची गाठ घट्ट ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हिचा सगळा माका करूचा लागता. धुवचा, पुसूचा. घरात दार लावन करतंय. थंय शाळेत शंभर माणसां बघतली. माझ्या बायलेची लाज मी चवाट्यार मांडूचंय नाय. मरू तर हयच मरू."

मला वाटलं, ताई आता वादळाचा जोर समजावून सांगतील, लाटेची उंची सांगतील. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "मी तुमका न्हेवक इलंय नाय," त्या म्हणाल्या. "माझी सासू शाळेत आसा. तिचापण सगळा खाटेरच. आडोसो केलंय, पण एकटी पडली ती. बाकीची चालती माणसां, तेंच्याशी ती काय बोलतली? पार्वतीआजी येतली काय तिच्या सोबतीक, ता इचारूक इलंय."

जनूआजोबांच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. "तुझी सासू? मसुऱ्याची? तिका तू हय हाडलंस?"

"हाडलंय तर. टेम्पोतसून."

आतून पार्वतीआजींचा बारीक आवाज आला, "अहो, माका लुगडा बदला. मी जातंय."

पाऊण तासाने चार माणसांनी खुर्चीत बसवून पार्वतीआजींना चढणीवरून आणलं. मागे जनूआजोबा, त्यांच्या मागे वाडीतले बाकीचे म्हातारे. साडीच्या आडोशामागे आता दोन खाटा झाल्या, दुपारपर्यंत चार. बायांनी आपापल्या घरची पातळं आणून तो आडोसा वाढवला. कोण आत जाणार, कोण बाहेर थांबणार, हे त्यांनी आपसांतच ठरवलं.

दीड वाजता वादळ किनाऱ्याला घासून जायला लागलं. तो आवाज मी विसरणार नाही. शाळेचा पत्रा खिळ्यांतून सुटू बघत होता आणि खाली माड मोडल्याचे आवाज एकामागून एक येत होते. प्रत्येक आवाजाला कुणीतरी बाई ओळखायची, "ह्यो आमचो." मुलं रडायला लागली. तेवढ्यात आडोशामागून आयेंचा जड जिभेचा, पण खणखणीत आवाज आला. त्या गाऱ्हाणं घालत होत्या! देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान गावातल्या पुरुषांचा. पण त्या दिवशी हटकायला कोण होतं?

"बा देवा म्हाराजा!"

क्षणभर कुणाला कळेना. मग जनूआजोबांनीच साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

"हयसर जी लेकरां जमली आसत, तेंची कौलां गेली तर जांव दे, पण डोकी शाबूत ठेव रे म्हाराजा!"

आता सगळा वर्ग म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या माझ्या सुनेक जरा बसाक सांग रे म्हाराजा! सकाळपासून तिच्या पोटात चायपण नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शंभर माणसं एकदम ओरडली, साहेबसुद्धा. मुलं रडायची थांबून हसायला लागली. ताईंना चार बायांनी धरून भिंतीशी बसवलं आणि हातात चहाचा पेला दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. पत्रा वाजला की त्या डोळे मिटून घेत. घाबरल्या त्याही होत्या.

संध्याकाळी वारा उतरला. पट्टीवरची बरीच कौलं गेली होती, पाच-सहा होड्या फुटल्या होत्या, जनूआजोबांच्या घराची समुद्राकडची भिंत कोसळली होती. पार्वतीआजींची खाट त्याच भिंतीला लागून असायची. माणूस मात्र एकही दगावलं नाही.

पुढचे दोन दिवस मी धावत होते. ताडपत्र्या, तांदूळ, पाणी, नावांच्या याद्या. तिसऱ्या दिवशी ताईंनी मला शाळेच्या दारात गाठलं. "वैदेही, आवशी-बापाशीचो फोन लागलो?"

"नाही. तिकडेही बंदच आहे सगळं. पण ते ठीक असतील."

"कोणी सांगल्यान?"

मी हातातल्या यादीत पुढचं नाव शोधायला लागले.

"तुझो कागद खंय आसा?"

साऱ्या तोंडवलीचे कागद मी लिहून घेतले होते. माझा स्वतःचा मी लिहिलाच नव्हता. मी म्हटलं, "ताई, इथे इतकं काम पडलंय..."

"काम आसतला. परवापण आसतला. तू आत्ता जा." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या हातातली यादी काढून घेतली आणि पिशवीत घातली.

पडलेली झाडं ओलांडत, मिळेल त्या वाहनाने मी संध्याकाळी आरोंद्याला पोचले. बाबा कौलं सारखी करताना घसरून पडले होते. पाय सुजून टम्म झालेला. आई दोन दिवस विहिरीचं पाणी एकटी ओढत होती, त्यांना उठवत-बसवत होती. मला बघून ती आधी "जेवलंस?" म्हणाली आणि मग पायरीवर बसून रडायला लागली. "तुझ्या बापाशीक सांगी होतंय, वैदेही येवचा नाय, तेका मोठा काम आसा. आणि इलंस गो." तिला माझी वाट बघायचीही चोरी वाटत होती, हे मला त्या पायरीवर कळलं. मी चार दिवस राहिले. बाबांचा पाय दाखवून आणला, आणि निघायच्या आधी आम्ही तिघांनी बसून आमच्या घरचा कागद लिहिला. बाबांनी अक्षर चांगलं म्हणून स्वतः लिहिला.

पार्वतीआजी आणि आये यांची त्या वर्गात जमलेली गट्टी पुढे टिकली. रोज सकाळी एकीची सून आणि दुसरीचा नवरा दोघींच्या कानाला फोन धरून उभे राहत. ऐकणाऱ्याला अर्धं कळत नसे. त्या दोघींना सगळं कळे.

आये पुढच्या वर्षी श्रावणात गेल्या. त्या दिवशी सकाळी ताईंनी मला फोन केला, "आज मी येवचंय नाय. आयेचो श्वास येगळो लागता." मालवणात तेव्हा कसली तरी मोठी सभा होती. ताईंच्या जागी मी बसले. अकरा वाजता आये गेल्या, सुनेच्या मांडीवर. गौरी आता कुडाळला नर्स होती, तीही पोचली होती. दुपारी मी मसुऱ्याला गेले तर अंगणात तोंडवलीच्या बाया. त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. तेरा दिवस त्या आळीपाळीने येत राहिल्या, भात-डाळ करून जात राहिल्या, आणि ताईंना चुलीकडे फिरकू दिलं नाही. जनूआजोबा पहिल्याच दिवशी आले. ओटीवर ताईंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पार्वतीन पाठवल्यान. म्हणता, माझा झील बघतलो, तू शालनकडे जावन बस." घरी मुलाला आईपाशी ठेवून ते आले होते. तीन तास बसून होते.

त्यानंतर दोन वर्षांनी ताई निवृत्त झाल्या. दत्तारामभाऊही बोटीवरून कायमचे घरी आले. निरोपाच्या समारंभात ताई चार वाक्यं बोलल्या, त्यातली तीन शिपायाच्या बायकोच्या ऑपरेशनला कोण जाणार याविषयी होती.

परवाच्या मे महिन्यात मी मसुऱ्याला गेले होते. नव्या गावांची कामं अंगावर आली होती, घरी माझी दीड वर्षांची मुलगी, आईला आता गुडघ्यांनी होत नाही. ताईंना पुष्कळ विचारायचं होतं. दुपारचे तीन वाजले होते. ओटीवर खाट टाकून ताई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेबाहेर लोंबकळत. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. दत्तारामभाऊ आतून बाहेर आले, ओठांवर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "उठव नको. चाय करतंय."

आम्ही पायरीवर बसून चहा घेतला. समोरच्या काजूंवर ऊन कलत होतं. तासाभराने ताईंनी डोळे उघडले, मला पाहिलं.

"कधी इलंस गो?"

"तास झाला."

"आणि माका उठवलंस नाय?"

"नाही."

"बरा केलंस," ताई म्हणाल्या, कुशीवर वळल्या आणि परत झोपी गेल्या.